बाबांचा सातबारा अमेरिकेत चालेल का?

गेल्या अंकात आई-वडिलांना ग्रीन कार्डवर अमेरिकेत आणायला पिटिशन, म्हणजे पहिला अर्ज, कशी भरायची ते लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली बहुतेक एकाच जागी अडकलेली. पिटिशन मंजूर झाली, नॅशनल व्हिसा सेंटरचा (व्हिसाचे कागद गोळा करणारं अमेरिकी सरकारी ऑफिस) मेल आला, फी भरली, आता ते स्पॉन्सरचे, म्हणजे येणाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्याचे, कागद मागतायत, तर नक्की काय आणि किती द्यायचं. म्हणून यावेळचं सदर फक्त त्याच्यावर. मी वकील नाही हो, न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते आणि त्यामुळे हे फॉर्म सारखे डोळ्याखालून जातात एवढंच. जुना ओव्हरस्टे (व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिलेलं), पोलीस केस असलं काही असेल तर मला न लिहिता सरळ इमिग्रेशनचा वकील गाठा.

प्रश्न: ताई, मी ओहायोत असतो, सिटिझन आहे, साताऱ्याहून आई-बाबांना कायमचं आणायचंय. घरात मी, बायको, दोन मुलं. माझा पगार ४८,००० डॉलर, बायको अर्धवेळ काम करते तिचे १४,००० येतात. बाबा म्हणतात काळजी करू नकोस, आपली साडेतीन एकर बागायत आहे, ३० लाखाची एफडी आहे, माझी पेन्शन आहे, सातबारा आणि सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट पाठवतो. हे सगळं जोडू का? आणि नक्की किती उत्पन्न लागतं?

बाबांना म्हणावं सातबारा कपाटातच असू द्या. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण आपल्याकडे टुरिस्ट व्हिसाला किंवा पोराच्या स्टुडंट व्हिसाला जी फाइल करतात, घर जमीन सोनं सगळं दाखवून, तीच इथे चालेल असं बऱ्याच घरात समजतात, आणि तिथेच गोंधळ होतो. ग्रीन कार्डच्या वेळी ऑफिसर घराणं किती श्रीमंत आहे ते बघत नाही. त्याला अमेरिकेत राहणारा एक माणूस हवा असतो, ज्याचं या वर्षीचं उत्पन्न कागदावर पुरेसं आहे आणि ज्याने सही करून जबाबदारी घेतलीय. तो माणूस म्हणजे तुम्ही. फॉर्मचं नाव आय-८६४. १९९६ च्या कायद्याने आला, डिसेंबर १९९७ पासून लागू आहे आणि हा नुसता हमीपत्राचा कागद नाही, कोर्टात चालणारा करार आहे. मैत्रिणीने आय-१३४ भरला होता म्हणून तो भरू नका, तो वेगळ्या कामाचा आहे.

आता आकडा. केंद्र सरकारची गरिबीची रेषा दर जानेवारीत जाहीर होते, तिच्या सव्वापट, म्हणजे १२५ टक्के, उत्पन्न लागतं, आणि ते घरात किती माणसं धरायची त्यावर ठरतं. तुम्ही, बायको, दोन मुलं हे चार, वर आई आणि बाबा. दोघांच्या पिटिशन वेगळ्या, फाइली वेगळ्या, आय-८६४ सुद्धा प्रत्येकाचा वेगळा, पण दोघं एकाच विमानाने यायची असतील तर तयारी सहा माणसांचीच ठेवा, पाचाचा हिशोब करून कागद कमी देऊ नका. २०२५ च्या तक्त्यात सहा जणांसाठी ५३,९३७ डॉलर होते, हिशोब त्यावरच करून दाखवते, अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे. तुमचे ४८,०००. म्हणजे एकट्याच्या पगारावर ५,९३७ कमी पडतात.

यातून सगळ्यात सोपी वाट तुमच्याच घरात आहे, बायकोचे १४,०००. त्यासाठी आय-८६४ए नावाचा जोडफॉर्म, त्यावर तिची पण सही आणि तुमची पण, आईच्या फाइलीत एक आणि बाबांच्या फाइलीत एक. ती सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाली असलीच पाहिजे असं नाही, एका घरात राहते, अठराच्या वर आहे, नातं आहे, झालं. लग्नाचा दाखला आणि एकत्र पत्त्याचा एखादा कागद जोडा, भाड्याचा करार किंवा विजेचं बिल. दोघांचे मिळून ६२,००० होतात आणि प्रश्नच मिटतो.

कागद म्हणाल तर मुख्य कागद एकच, गेल्या वर्षीचा फेडरल टॅक्स. सॉफ्टवेअरमधून डाउनलोड केलेला १०४०, म्हणजे रिटर्नचा फॉर्म, लोक बिनसहीचा चिकटवतात, त्यापेक्षा आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर लॉगिन करून टॅक्स रिटर्न ट्रान्स्क्रिप्ट (त्यांच्याकडची रिटर्नची नोंद) काढा, फुकट मिळतो, त्यावर कोणी शंका घेत नाही. तुमचं रिटर्न जॉइंट असणार, त्यामुळे दोघांचे डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) वेगळे जोडाच, नाहीतर कोणाचे किती ते समोरच्याला कळणार कसं. तीन वर्षांचे रिटर्न द्यायची सक्ती नाही, पण उत्पन्न चढतं असेल तर द्यावेत. मग गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि नोकरीचं पत्र. या पत्रात दर वेळी एक गोष्ट राहते. हल्ली एचआरच्या पोर्टलवर बटण दाबलं की एक ओळीचं पत्र निघतं, हा माणूस अमुक तारखेपासून इथे आहे, बस्स. त्यात पगारच नसतो. तसं पत्र चालवू नका, मॅनेजरला किंवा एचआरला मेल टाकून लेटरहेडवर पद, रुजू तारीख, वर्षाचा पगार आणि पूर्णवेळ आहे की नाही असं नीट लिहून घ्या. पत्रातला पगार, स्लिपांवरचा पगार आणि फॉर्ममध्ये तुम्ही लिहिलेला चालू उत्पन्नाचा आकडा हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत, न जुळल्यामुळे फाइल परत येते तेवढी दुसऱ्या कशाने येत नाही.

आता बाबांची मालमत्ता, कारण ते ऐकणार नाहीत मला माहितेय. येणाऱ्या माणसाची स्वतःची मालमत्ता धरता येते, नाही असं नाही. पण जेवढी तूट आहे तिच्या पाचपट दाखवावी लागते, सिटिझनच्या नवरा-बायकोची केस असेल तर तीनपट. तुमची तूट ५,९३७, पाचपट म्हणजे २९,६८५ डॉलर, डॉलर ८५ रुपयांना धरला तर २५ लाखाच्या आसपास. म्हणजे बायको नोकरी करत नसती तर ३० लाखाची एफडी खरंच कामाला आली असती, बँकेचं पत्र, १२ महिन्यांचं स्टेटमेंट, पैसे कधीपासून आहेत, कोणाच्या नावावर आहेत आणि त्या एफडीवर कर्ज काढलेलं नाही एवढं दाखवून. पैसे भारताबाहेर नेता येतात का हेही बघतात, तर निवासी माणसाला रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे तिथे अडचण नाही.

जमिनीचं मात्र तसं नाही. अट अशी की मालमत्ता वर्षाच्या आत रोख झाली पाहिजे. तुमच्या सातबाऱ्यावर बाबांच्या बरोबर काका, आत्या, कदाचित वारलेल्या आजोबांचं पण नाव असेल, हिस्से पडलेले नसतील, आणि महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, बाहेरच्याला घ्यायची तर कलेक्टरची परवानगी. ती वर्षात विकून पैसे ओहायोला येतील हे आपल्याला तरी पटेल का? शिवाय सातबाऱ्यावर किंमत नसते, रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे, म्हणजे सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट आला, मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर आलं, भाषांतर करणाऱ्याचं सहीचं पत्र आलं. एवढा खटाटोप करून फाइल जाड होते, मजबूत होत नाही. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट तसंच, मूळ कागदांशिवाय त्याला इथे कोणी विचारत नाही, आणि मूळ कागद असतील तर ते लागत नाही. पेन्शन चांगली गोष्ट आहे पण ती उत्पन्नात धरता येत नाही, कारण बाबा आज तुमच्या घरात राहत नाहीत.

प्रश्न: मी डॅलसजवळ असते, घटस्फोट झालाय, एक मुलगी, सिटिझन आहे. शाळेत मदतनीस म्हणून १६,००० मिळतात. नागपूरहून आईला आणायचंय, ती ६२ वर्षांची. चुलतभाऊ इथेच दुसऱ्या गावात राहतो, ७०,००० पगार, तो स्पॉन्सर व्हायला तयार आहे पण वहिनी घाबरतेय. दोघांचे पगार मिळवून दाखवायचे का? आणि वहिनीला काय सांगू?

मिळवून नाही चालत. सख्खा भाऊ असता आणि एका छताखाली राहत असता तर त्याचं उत्पन्न तुमच्यात धरलं असतं, पण हा चुलत आणि राहतोही वेगळा, म्हणजे तो जॉइंट स्पॉन्सर, आणि जॉइंट स्पॉन्सरने स्वतःच्या बळावर पूर्ण आकडा गाठायचा असतो. त्याच्या घरचे तो, वहिनी, त्यांची मुलं आणि वर तुमची आई. दोन मुलं असतील तर पाच, २०२५ प्रमाणे ४७,०६२. त्याचे ७०,००० आहेत, आरामात बसतं. तो सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला हवा मात्र, एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असेल तर पगार कितीही असो चालणार नाही. त्याच्याकडून आय-८६४, टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, डब्ल्यू-२, स्लिपा, नोकरीचं पत्र आणि पासपोर्टची किंवा ग्रीन कार्डची कॉपी. आणि तुमचा स्वतःचा आय-८६४ तरीही भरायचाच, १६,००० दाखवून, तुमचे टॅक्सचे कागद जोडून. दादाने भरलाय म्हणून मुलीने भरलाच नाही, अशा फाइली हमखास अडकतात.

आता वहिनी. मला वहिनींचं घाबरणं योग्यच वाटतं, उगाच हसण्यावारी नेऊ नका. सही केल्यावर ही जबाबदारी आई सिटिझन होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाचे ४० क्वार्टर म्हणजे साधारण दहा वर्षं जमा होईपर्यंत राहते, नाहीतर ती ग्रीन कार्ड सोडून कायमची परत गेली तर, किंवा आई वा दादा वारले तर संपते. तुमचं आणि दादाचं भांडण झालं म्हणून संपत नाही. दादाचा घटस्फोट झाला तरी संपत नाही. आईने उद्या उत्पन्नाच्या अटीवर मिळणारी सरकारी मदत घेतली तर तो पैसा सरकार दादाकडे मागू शकतं, आणि कागदावर बघायला गेलं तर आई स्वतः पण कोर्टात जाऊ शकते. प्रत्यक्षात नवीन ग्रीन कार्डवाल्याला पहिली पाच वर्षं बहुतेक अशी केंद्राची मदत मिळतच नाही आणि आई पुतण्यावर केस करणार नाही, पण सही मागताना हे झाकून ठेवू नये.

खरी झळ दुसरीकडेच बसते आणि ती कोणी बोलत नाही. दोन वर्षांनी वहिनीच्या आई-वडिलांना आणायला दादाला स्पॉन्सर व्हायचं झालं तर तुमची आई दादाच्या माणसांच्या मोजणीत धरली जाते. म्हणजे पाचाचं घर, वर वहिनीचे आई-बाबा, सात. तेव्हा पगार पुरेल का ते आत्ताच त्यांनी बघावं. तेव्हा आधी वहिनीशी बोला, दादाशी नंतर, आणि फोनवर नको, घरी जाऊन. फॉर्म छापून न्या, शेवटची कराराची पानं दोघांना वाचू द्या, आईच्या हेल्थ इन्शुरन्सचं तुम्ही काय करणार तेही सांगा, कारण वहिनीच्या मनात आय-८६४ नाही तर हॉस्पिटलचं बिल असणार. ६५ पूर्ण झाले तरी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायलासुद्धा आधी इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं, तोवर खासगी पॉलिसीचा हप्ता कोण भरणार हे आधी ठरलेलं बरं. एवढं करून वहिनी नाही म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका, जॉइंट स्पॉन्सर नात्यातलाच हवा असा नियम नाही.

प्रश्न: फ्रीमाँटला माझा टिफिनचा धंदा आहे, वर्षाला ६०,००० ची उलाढाल. आईसाठी फाइल करतेय, आम्ही नवरा-बायको आणि ती असे तीनच. बँकेत ६०,००० येतात तर स्टेटमेंट दिली की झालं ना?

नाही झालं. तुमचं उत्पन्न म्हणजे बँकेत काय आलं ते नव्हे, १०४० वर नवव्या ओळीत जो एकूण उत्पन्नाचा आकडा आहे तो. तिथे शेड्युल सी, म्हणजे रिटर्नमधला धंद्याच्या हिशोबाचा फॉर्म, त्यातून खर्च वजा होऊन नफा येतो. किराणा, डबे, गाडीचं पेट्रोल, किचनचं भाडं हे सगळं वजा करून तुमच्या १०४० वर १९,००० वगैरे दिसत असेल तर सरकारच्या लेखी तुम्ही १९,००० च कमावता, आणि २०२५ च्या तक्त्यात तिघांना ३३,३१२ लागत होते. टॅक्स वाचवायला दाखवलेला खर्च असा फिरून अंगावर येतो. आता रिटर्न बदलून नफा वाढवून दाखवू का असं विचारणारे पण असतात, तर खर्च खरा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. नवऱ्याची नोकरी असेल तर त्यांचा आय-८६४ए जोडा. आणि जर यावर्षी धंदा खरंच वाढला असेल तर नवीन रिटर्न भरून होईपर्यंत फाइल थांबवा, काही बिघडत नाही.

प्रश्न: माझी बहीण सिटिझन आहे, तिने माझ्यासाठी गेल्या वर्षी पिटिशन टाकलीय. तिच्याकडून पगाराच्या स्लिपा आत्ताच मागवून ठेवू का?

अजिबात नको. भावाबहिणीच्या कॅटेगरीत भारताची गाडी २०२५ मध्ये २००६ सालच्या अर्जांवर होती. तुमचा नंबर येईल तेव्हा बहिणीची नोकरीच बदललेली असेल, कदाचित ती रिटायर सुद्धा झालेली असेल. आत्ता फक्त पिटिशनची पावती जपून ठेवा आणि दोघांचे पत्ते बदलले की कळवत रहा.

प्रश्न: मी अमेरिकन सिटिझन, पण सात वर्षं पुण्यात आहे, लग्न इथेच झालं. बायकोची फाइल करायचीय. पुण्यात पगार उत्तम आहे, ३२ लाख. हा चालेल ना?

ऐकायला वाईट वाटेल पण नाही. बायको तिकडे गेल्यावर तुम्ही पण जाणार, मग पुण्याचा पगार बंद होणार, म्हणून तो धरत नाहीत. त्याच कंपनीत अमेरिकेतून काम चालू राहणार असेल तर तसं पत्र घ्या, मग गोष्ट वेगळी. दुसरं, स्पॉन्सरचा मुक्काम अमेरिकेत हवा. तुमचा नाहीये, म्हणून तुम्ही परत जाऊन राहणार आहात हे दाखवायचं, बायकोच्या आधी किंवा तिच्याबरोबर. तिथलं चालू बँक खातं, भाड्याच्या घराचा करार, नोकरीची ऑफर, भावाच्या घरी उतरणार असाल तर त्याचं पत्र, असे एकमेकांना धरून असलेले तीनचार कागद, एकटं एखादं पत्र नको. तिसरं, आणि हे लोक लपवतात, सात वर्षांत अमेरिकेचा टॅक्स भरलाय का? सिटिझनला जगात कुठेही असला तरी रिटर्न भरावं लागतं, टॅक्स शून्य निघाला तरी. भरला नसेल तर आधी ते मागचं निस्तरा, मग आय-८६४ ला हात लावा. उत्पन्नाचं काम बहुतेक जॉइंट स्पॉन्सरवर जाईल किंवा मालमत्तेवर, तुमच्या केसमध्ये तूट गुणिले तीनच आहे, त्यामुळे पुण्यातला फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर कर्ज वजा जाता काय उरतं ते मोजून बघा. गाडी मोजायच्या भानगडीत पडू नका, दोन गाड्या असतील तरच त्यातली एक धरता येते.

प्रश्न: आय-८६४ पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करायचा का? एजंट त्याचे वेगळे पैसे मागतोय.

एजंटला नमस्कार करा. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. साइटवरून आजची आवृत्ती डाउनलोड करा, पानाच्या खाली आवृत्तीची तारीख असते ती बघा, टाइप करून भरा, छापा, पेनाने सही आणि तारीख घाला, सगळी पानं स्कॅन करून एकाच फाइलीत अपलोड करा, कोरं राहिलेलं पान सुद्धा. इंटरव्ह्यूची तारीख एप्रिलच्या पुढे गेली तर स्पॉन्सरकडून नवीन वर्षाचं रिटर्न मागवून मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटला इंटरव्ह्यूला जाताना बरोबर ठेवा, खिडकीवर मागितलं तर तिथून फोन लावत बसायला नको.